शर्यतीच्या रस्त्यावर चार लिंबं

दुबईत सोनं स्वस्त आहे का, असं परत आल्यापासून मला निदान वीस जणांनी विचारलं. मला माहीत नाही. मी सोन्याच्या दुकानात गेलो नाही. उंच इमारती एक दिवस पाहिल्या, मान दुखली, सोडून दिलं. सव्वा महिना राहिलो, त्यातला बराच वेळ हमरियाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि शुक्रवार गेले गाड्या पळवायच्या रस्त्यावर. त्याचंच लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस. जयसिंगपूरला ट्रकच्या गॅरेजात चाळीस वर्षं काढली. लिहिण्यात थोडा खडखडाट होईल, तेवढा चालवून घ्या.

शारजा

२००३ साल संपत आलं होतं. श्रावणात माझी बायको शालन गेली. दिवाळी झाल्यावर सूनबाईनं, मेधानं, फोनवर सांगितलं, "आबा, तिकीट काढलंय. आता नाही म्हणू नका." मुलगा विलास फोनवर आला नाही. तो श्रावणापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होता, आणि मीही.

त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. शालन गुरुवारी संध्याकाळी गेली. विलास पोचला तिसऱ्या दिवशी रात्री, अस्थी गोळा करून झाल्यावर. दारात बॅग ठेवून उभा राहिला तेव्हा मी त्याला म्हणालो, "आलास कशाला? तू नसलास तरी झालं सगळं." पावणेपाहुणे ऐकत होते. तो दहा दिवस राहिला आणि परत गेला.

विमानतळावर तोच घ्यायला आला. वाकून नमस्कार केला. बॅग उचलली. गाडीत विचारलं, "जेवलात?" मी म्हणालो, "विमानात दिलं काहीतरी." झालं बोलणं. शारजाला घर येईपर्यंत रस्त्याचे दिवे मोजत बसलो.

घर सहाव्या मजल्यावर. मेधा पुण्याची, तोंडानं गोड आणि हिशोबाला चोख. भाजी घेतली की आधी दिरहम सांगणार, मग तेराने गुणून रुपये, मग "बाई गं" म्हणणार आणि तरी घेणार. नात ओवी आठ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं ठरल्यासारखं झालं. हॉलमध्ये शालनचा फोटो होता. विलास त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचा. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं.

तिथं सुट्टी शुक्रवारी. पहिल्या शुक्रवारी विलास सकाळी सातला निघून गेला. ओव्हरटाइम म्हणाला. मेधानं मला चहा दिला आणि समोर बसली.

"आबा, स्पष्ट विचारते. तीन महिने झाले, प्रत्येक शुक्रवारी ओव्हरटाइम. पगारात मात्र दिसत नाही. घरी आला की शर्ट स्वतः धुतो. कधी धुतला होता का यानं शर्ट?"

"बाई असेल असं वाटतंय तुला."

मी बाथरूममध्ये जाऊन बादलीतला आधीचा शर्ट उचलला आणि वास घेतला. चाळीस वर्षं हेच केलंय.

"बाई नाही," मी म्हणालो. "हे जळकं रबर आहे. तुझा नवरा गाडी पळवतोय कुठंतरी."

मेधाचा चेहरा बाईचं नाव काढल्यावर पडला नव्हता इतका आता पडला.

हमरिया

संध्याकाळी विलास आला तेव्हा मी त्याला जिन्यात गाठलं. "कुठं पळवतोस?" त्यानं आधी माझ्या हाताकडे बघितलं, हातात त्याचाच शर्ट होता. "उद्या दाखवतो," एवढंच म्हणाला.

हमरिया शारजाच्या उत्तरेला, बंदराच्या कडेला. कुंपणाच्या आत नुसते कारखाने. पत्रा, क्रेन, कंटेनर आणि खारा वारा. विलास तिथं एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याच्या शेजारची शेड जनरेटर दुरुस्तीची, आणि तिथला मुख्य मिस्त्री अमेरिकन. नाव वॉल्टर. माझ्याच वयाचा, पासष्टीच्या पुढचा, हातापायानं वाळलेला, उजव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलेलं. पंधरा वर्षं आखातात काढल्यामुळं त्याची हिंदी पठाण वेल्डरकडून आलेली. सगळं पुल्लिंगी.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात विलास पळवायचा ती गाडी होती. दोन दारांची, विटकरी रंगाची, लांब नाकाची अमेरिकन गाडी. आत आठ सिलिंडर. मागची टायरं ट्रकला शोभतील इतकी रुंद, आणि त्यांना नक्षीच नाही. गुळगुळीत. आमच्याकडं असं टायर आलं तर मी गिऱ्हाइकाला शिव्या देतो.

मी पिशवीतून आणलेल्या भाजक्या शेंगा काढल्या. पाहुण्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं म्हणून मूठभर वॉल्टरपुढं धरल्या. तो दोन पावलं मागं सरकला.

"नही नही, आबा. शेंग बाहर. गाडी के पास नही."

मला वाटलं सोवळं आहे की काय. विलास पहिल्यांदा हसला. म्हणाला, "आबा, त्यांच्याकडचे जुने ड्रायव्हर शर्यतीच्या जागी शेंगा येऊ देत नाहीत. अपशकुन. फुटलेल्या गाड्यांत म्हणे टरफलं सापडायची. हिरवी गाडीपण चालत नाही."

मी शेंगा दाराबाहेर पठाणाला दिल्या. त्यानं आनंदानं खाल्ल्या. पण माझ्या मनात वॉल्टर एकदम ओळखीचा झाला. सातासमुद्रापलीकडचा माणूस, पण आमच्यासारखाच.

त्या आठवड्यात मी रोज विलासबरोबर हमरियाला जायला लागलो. तो त्याच्या कामाला, मी वॉल्टरच्या शेडमध्ये. दुपारी पठाणाची रोटी, डाळ, आणि मेधानं दिलेली चटणी. वॉल्टर बोलायचा. अर्धं हिंदी, अर्धं हातवारे, अडलं की विलास जेवणाच्या सुट्टीत येऊन सांगायचा. मला जे समजलं ते असं.

वॉल्टर तरुण असताना त्यांच्याकडं शर्यत म्हणजे मातीचा गोल रस्ता. शोरूममधली गाडी, तीच आठवडाभर बाजारहाटाला, तीच रविवारी शर्यतीला. जिंकली तर तीच चालवत घरी, मोडली तर ओढत. ड्रायव्हर आणि मिस्त्री एकच. हात काळे नसलेला ड्रायव्हर कुणी पाहिलेला नव्हता. वॉल्टर आणि त्याचा धाकटा भाऊ एकच गाडी आळीपाळीनं चालवायचे. मग मातीचे रस्ते डांबराचे झाले, डांबराचे मोठे झाले, कडेला भिंती आल्या. गाडीला शोरूमचं फक्त नाव उरलं. आत नळ्यांचा पिंजरा, वर पत्र्याचं कातडं. दिव्यांच्या जागी दिव्यांची चित्रं चिकटवतात. हे ऐकून मी हसलो तर वॉल्टर म्हणाला, "सच, आबा. स्टिकर."

नव्वदनंतर तर सगळंच बदललं. साबणवाले, सिगरेटवाले, दारूवाले पैसे ओतायला लागले. ड्रायव्हर वीस-बावीस वर्षांचे. लहानपणापासून पोरांच्या शर्यतीच्या बुटक्या गाड्यांत वाढलेले, कॅमेऱ्यापुढं दात दाखवून बोलणारे. टायर बदलायला कॉलेजात फुटबॉल खेळलेली पोरं. गाडी इंजिनिअर कॉम्प्युटरवर बघतो. ड्रायव्हरला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नसलं तरी चालतं. उघड्या चाकांच्या गाड्यांची शर्यत होती, तिच्या मालकांत भांडण होऊन एकीच्या दोन झाल्या. प्रेक्षक म्हणाले, तुम्ही बसा भांडत. चांगले ड्रायव्हर बाहेरदेशांतून यायला लागले आणि घरचे दुसरीकडं गेले.

"और ग्रीन गाडी," वॉल्टर म्हणाला, "पैसा दिया तो ग्रीन गाडी भी चलाता."

ही त्याच्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट होती. मला पटली. आमच्याकडंही पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर घाटात इंजिन उघडून बसायचा. आताचा मोबाइल कानाला लावून माझी वाट बघतो.

"म्हणजे जुनं तेच बरं," मी म्हणालो.

वॉल्टरनं मान हलवली. उठून कपाटातून एक वस्तू आणली. बैलाच्या जुवासारखी, पण खांद्यावर बसणारी. तिला दोन पट्टे, ते हेल्मेटला अडकवायचे. म्हणजे गाडी आपटली तर सीटच्या पट्ट्यानं अंग मागं राहतं आणि डोकं पुढं जातं, ते ह्यानं जात नाही. त्याचा धाकटा भाऊ असाच गेला होता. भिंतीवर आपटला. अंगावर ओरखडा नाही. मान मोडली. हा मानेचा पट्टा निघून कितीतरी वर्षं झाली होती, पण ड्रायव्हर घालत नव्हते. अडचण होते, बायकी दिसतं. मग दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा सगळ्यात मोठा ड्रायव्हर शेवटच्या फेरीत भिंतीवर आपटून गेला. त्यानंतर सक्तीचा झाला.

"ये नया अच्छा," वॉल्टर म्हणाला. "बाकी नया, मालूम नही."

म्हणून त्याच्या शेडमध्ये एक कागद होता. बावीस ओळींचा. नट, पट्टे, ब्रेक, टायरची हवा, शेवटची ओळ मानेचा पट्टा. प्रत्येक ओळीपुढं ज्यानं तपासलं त्याची सही. कागद पुरा झाला की त्या दोघांशिवाय तिसऱ्या माणसानं गाडीला हात लावायचा नाही. "खलास," वॉल्टर म्हणायचा. "पेपर खलास, हाथ खलास."

मी मान डोलावली. चाळीस वर्षांत माझ्या गॅरेजात असा कागद नव्हता. माझ्याकडं शालन होती. गाडी बाहेर काढताना ती चार टायरांपुढं चार लिंबं ठेवायची. गाडी लिंबं चिरडून रस्त्याला लागायची, मग ती घरात जायची. एकही ट्रक तिच्या लिंबांशिवाय गेला नाही.

मेधाला मी हमरियाहून आल्यावर खरं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "आबा, त्याला थांबवा."

"माझं ऐकायला तो माझ्याशी बोलतो कुठं?"

"मग निदान जवळ राहा."

मी हो म्हणालो. शुक्रवारी निघताना तिच्या टोपलीतली चार लिंबं खिशात टाकली. ओमानची, सुपारीएवढी. का टाकली ते मला विचारू नका.

उम्म अल कुवेन

हमरियाहून उत्तरेला थोडं गेलं की गाव संपतं आणि वाळू लागते. त्या वाळूत एक सरळ डांबरी रस्ता, पाव मैलाचा. गोल फिरायचं नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या, खांबावर दिवे, हिरवा लागला की सुटायचं. हाही खेळ अमेरिकेतलाच. लढाईनंतर ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्ट्यांवर त्यांची पोरं पळवायची.

दुपारचं ऊन होतं पण बोचत नव्हतं. अरब कुटुंबं मोठ्या गाड्यांच्या सावलीत सतरंज्या टाकून बसलेली. थर्मासातून चहा, खजूर. पांढऱ्या झग्यातली तरुण पोरं इंजिनात डोकं घालून. कुणीतरी मला खजूर दिले, "यल्ला, हाजी, खाओ." मी हाजी नाही हे सांगायला हिंदी पुरली नाही. खजूर खाल्ले.

पहिल्या तासात एका गाडीचं पाणी गळालं, वाटीभर असेल. सगळा खेळ थांबला. माणसं धावली, पुसलं, भुसा टाकला, परत पुसलं, पंख्यानं वाळवलं. मी विलासला म्हणालो, "वाटीभर पाण्याला एवढं?" त्यानं हेल्मेटमधून ऐकलं नसावं.

वॉल्टरनं मला काम दिलं होतं. माझ्या योग्यतेचं, त्याच्या मते. गाडी आधी पाण्यात चाकं फिरवून टायर तापवते. इतका धूर की गाडी दिसत नाही. मग मागं येऊन रेषेवर उभी राहते. तेव्हा मी मागच्या टायरांपुढं वाकून बघायचं, खडा नाही ना. असला तर हातानं काढायचा. मग भिंतीमागं यायचं आणि अंगठा दाखवायचा.

विलासचा नंबर आला. खांद्यावर ते जू, हेल्मेट, नुसते डोळे दिसत होते. धूर झाला. गाडी मागं आली आणि रेषेवर थरथरत उभी राहिली. मी वाकलो. खडा नव्हता. डांबर काळं, चिकट, गरम. माझ्या कानात इंजिन, नाकात जळकं रबर, आणि मला एकदम वाटलं, ही पोरगं घेऊन चाललेली गाडी तशीच कशी सोडू. खिशातून दोन लिंबं काढली. एक डाव्या टायरापुढं, एक उजव्या. भिंतीमागं आलो आणि अंगठा दाखवला.

वॉल्टर पुढं दिव्यांकडं बघत होता. कुणी पाहिलं नाही.

मग मी शेजारच्या गाडीकडं बघितलं. तिच्या टायरापुढं एक फिलिपिनो माणूस गुडघ्यावर बसून डांबर पुसत होता. कशासाठी, तर पाण्याचा एक थेंब. रुपयाएवढा. स्वतःच्या बाहीनं पुसत होता.

चाळीस वर्षं मिस्त्री मी. ओल्या रस्त्यावर एक चाक धरलं आणि एक सुटलं तर गाडी कुठं जाते हे मला कुणी शिकवायला नको. ट्रक लिंबू चिरडतो तो चालत्या माणसाच्या वेगानं. ही गाडी पहिल्या क्षणाला सगळा जोर त्याच दोन टायरांवर टाकणार होती. डाव्या हाताला सिमेंटची भिंत होती.

फिलिपिनो उठून बाजूला झाला. खांबावरचे वरचे बारीक दिवे लागले.

मी कसा गेलो माहीत नाही. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत नाही असा माणूस मी. गाडीच्या नाकापुढं जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिलो. बॉनेट माझ्या मांडीला लागत होतं. आतली आठ सिलिंडरं माझ्या हाडांत वाजत होती. काचेतून विलासचे डोळे दिसले. ते मला बघत होते आणि ओळखत नव्हते.

मग इंजिन बंद झालं.

शेजारचंही बंद झालं. सगळ्या वाळवंटात आवाज उरला नाही. पिवळ्या जाकिटातला माणूस ओरडत आला, "खलास, खलास, आउट." वॉल्टर आला. त्यानं टायरापुढून दोन्ही लिंबं उचलली. हातात घेऊन बघितली. मला वाटलं आता हा करंगळी तुटका हात माझ्या कानाखाली बसणार. त्यानं लिंबं खिशात घातली आणि विलासला म्हणाला, "पार्किंग."

गाडी ढकलत मागं नेली. त्या दिवसापुरतं विलासचं नाव काढून टाकलं. गाडीत काही खोट नव्हती, हे सांगायलाच हवं. बावीसच्या बावीस ओळी बरोबर होत्या. मी नसतो तर तो सरळ गेला असता आणि सरळ आला असता.

विलासनं हेल्मेट काढून वाळूवर ठेवलं.

"आबा, मारलं असतं तुम्ही मला."

"हो."

"हो काय? कागदावर सही झाल्यावर हात लावायचा नाही, एवढं कळत नाही? मिस्त्री ना तुम्ही?"

"तुझी आई असती तर तिनं ठेवली असती."

"आई नाही," तो म्हणाला. आवाज चढला. पलीकडच्या सतरंजीवरची माणसं बघायला लागली. "आई नाही, आणि ती गेली तेव्हा मी नव्हतो. तुम्ही सगळ्यांपुढं बोललात. आलास कशाला. माहीत आहे का मी कुठं होतो? आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात. तुमचा फोन गुरुवारी रात्री आला. शुक्रवारी ऑफिस बंद. चावी ज्याच्याकडे तो गावाला गेलेला. मी शुक्रवारी दिवसभर हमरियाच्या गेटवर बसून होतो. गाडी होती, रस्ता होता, विमान होतं. मला हलता येत नव्हतं."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिकीट स्वस्त मिळेपर्यंत थांबला असेल. खरंच तसं वाटलं होतं. इतके महिने तसंच धरून बसलो होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं.

"शुक्रवारी मला घरात बसवत नाही," तो खाली बसत म्हणाला. "इथं बारा-तेरा सेकंद डोक्यात काही नसतं. तेवढंच."

मीही वाळूत बसलो. म्हणालो, "मला बारा सेकंदसुद्धा मिळत नाहीत." आणि मग, "मी चुकलो, विलास. आजचंही आणि तेव्हाचंही."

गाडीत परतताना एक ट्रकचालक चुकीच्या बाजूनं घुसला तेव्हा विलास म्हणाला, "हा बघा, तुमच्या जातीतला." मी म्हणालो, "माझ्याकडून गेलेला नाही. क्लच घासतोय त्याचा."

शेवटचा शुक्रवार

घरी जाऊन त्यानं मेधाला सगळं सांगितलं. दार बंद होतं. मी ओवीबरोबर गॅलरीत उभा होतो. तिनं विचारलं, "आर दे फायटिंग?" मी म्हणालो, "हो. चांगलं आहे ते."

मेधानं अट घातली की चोरून नाही, सगळ्यांसमोर जायचं, मानेचा पट्टा आबांनी बांधायचा, आणि उन्हाळा लागला की बास. विलास इन्शाल्ला म्हणाला. मेधा म्हणाली, "इन्शाल्ला नको. हो म्हण." तो हो म्हणाला.

मी निघायच्या आदल्या आठवड्यात गुरुवारी दुपारी हमरियाला गेलो तर वॉल्टर कागद घेऊन बसला होता. त्यात आता तेवीस ओळी होत्या. पहिल्या ओळीत इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, पुढं माझं नाव. त्यानं खिशातून दोन लिंबं काढली. तीच, सुकून काळी पडलेली. पुढं ठेवली आणि माझ्याकडची दोन मागितली.

विलासनं चारही टायरांपुढं लिंबं ठेवली. डावं पुढचं, उजवं पुढचं, मग मागची, शालन ठेवायची त्याच क्रमानं. मला वाटायचं पोरगं तेव्हा बघत नसे. वॉल्टरनं गाडी चालत्या माणसाच्या वेगानं दोन हात पुढं घेतली. मग आम्ही तिघांनी चारही टायरं साबणानं धुतली, पुसली, परत पुसली, आणि मी पहिल्या ओळीपुढं सही केली. मराठीत.

शुक्रवारी मेधा सतरंजीवर बसली होती, डोळ्यांवर ओढणी घेऊन. मी गाडीपाशी वाकून ते जू विलासच्या खांद्यांवर बसवलं, दोन्ही पट्टे अडकवले, ओढून पाहिले. त्याच्या मानेला घाम होता. लहानपणी ताप आला की असाच यायचा. मग टायरांपुढं पाहिलं. खडा नव्हता. काहीच नव्हतं. भिंतीमागं जाऊन अंगठा दाखवला.

हिरवा लागला. मी डोळे मिटले नाहीत, पण पाहिलंही नाही. मी ऐकत होतो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, मग लांबवर आवाज बसत गेला.

गाड्या त्या टोकाला थांबतात. मी कुंपणाच्या कडेनं चालायला लागलो. पाव मैल चालायला मला बराच वेळ लागला. विलास गाडीबाहेर येऊन टपाला टेकून उभा होता. हेल्मेट हातात. मी पोचेपर्यंत थांबला.

"आबा, दुसरा गिअर उशिरा पडतोय," तो म्हणाला.

"ऐकलं मी," मी म्हणालो. "बॉनेट उघड."